ई ड्राइव्ह गायब होतो तेव्हा

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीचे एक किंवा दोन खण असत आणि त्यांची नावं ए आणि बी. खण एकच असला तरी डॉस बी हे अक्षर सोडत नसे. ‘आता बीची फ्लॉपी घाला’ असं पडद्यावर सांगून त्याच खणाकडून दोन्ही कामं करून घेई. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवलेली होती आणि पुढचं मोकळं अक्षर होतं सी. पुढे फ्लॉपी गेल्या, खण गेले, सी मात्र जागचा हलला नाही. ही अक्षरांची रीत मुळात मायक्रोसॉफ्टच्या घरचीही नव्हे. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीत ती आधीच होती. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये सीपी/एमच्या धर्तीवर एक प्रणाली लिहिली, मायक्रोसॉफ्टने ती विकत घेऊन तिचा एमएस-डॉस केला, आणि अक्षरं सोबत आली.

या अक्षरांमुळे चाळीस वर्षं एक घोळ चालू आहे: ड्राइव्ह म्हणजे डिस्क असं आपण धरून चालतो. आपल्याकडे तर तो घोळ दुकानातूनच सुरू होतो. असेंबल केलेला पीसी घेतला की दुकानदार एकाच डिस्कचे तीन-चार भाग पाडून देतो. सीमध्ये विंडोज, डीमध्ये कामाच्या फाइली, ईमध्ये लग्नाचे फोटो, गाणी आणि सिनेमे. डिस्क एक, अक्षरं तीन. मग एखाद्या दिवशी ‘माझा ई ड्राइव्ह उडाला’ अशी तक्रार येते. या एका वाक्यामागे तीन अगदी निरनिराळे आजार असू शकतात. डिस्क धडधाकट आहे, फक्त अक्षर सुटलंय. किंवा अक्षर आहे, डिस्क आहे, पण फाइलींची मांडणी विस्कटली आहे. किंवा डिस्कच मधूनमधून संगणकापासून तुटते आहे. एकावरचा इलाज दुसऱ्याला मारक ठरतो, म्हणून हात लावायच्या आधी आजार कुठला ते ठरवायला हवं.

ते ठरवायला सॉफ्टवेअर लागत नाही. डिस्क तीन पायऱ्यांवर दिसते आणि ती कुठल्या पायरीवर हरवते एवढंच बघायचं. पहिली पायरी बायोस: संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून जो पडदा येतो, त्यात जोडलेल्या डिस्कची नावं असतात. तिथेच नाव नसेल तर विंडोजमध्ये शिरून काही उपयोग नाही. दोष वायर, वीज, पोर्ट किंवा खुद्द डिस्क यांपैकी कशात तरी आहे. दुसरी पायरी डिस्क मॅनेजमेंट. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक केली की यादीत ते सापडतं. तिथे डिस्क पट्ट्यांच्या रूपात दिसतात, अक्षर असो वा नसो. तिसरी पायरी म्हणजे रोजचं ‘धिस पीसी’, जिथे अक्षर मिळालेलेच भाग दिसतात. बहुतेक लोक फक्त तिसरी पायरी बघतात आणि डिस्क मेली म्हणून हाय खातात.

आणखी एक साधी कसोटी आहे. डी आणि ई एकाच डिस्कवर आहेत आणि फक्त ई दिसत नाही? मग वायर निर्दोष आहे. वायर सुटली तर दोघंही एकदम जातात. दोन्ही एकाच क्षणी गेले आणि सी मात्र चालू आहे, तर ते दोघं दुसऱ्या डिस्कवर आहेत आणि ती डिस्कच तुटली आहे. सीची डिस्क तुटली तर तक्रार करायला विंडोज शिल्लक राहत नाही, पडदा गोठतो किंवा निळा होतो. अलीकडे ही दोन डिस्कची मांडणी घरोघरी झाली आहे, कारण जुना संगणक वेगवान करायचा म्हणून विंडोजसाठी एसएसडी बसवतात आणि जुनी हार्ड डिस्क साठवणीला तशीच ठेवतात. तुटणारी असते ती बहुधा हीच जुनी.

आधी अक्षराचं बघू, कारण ते सोपं आहे आणि त्यात माहितीला धोका नसतो.

डॉसच्या काळात अक्षरं दर वेळी नव्याने वाटली जात. आधी प्रत्येक डिस्कचा पहिला मुख्य भाग, मग उरलेले. त्यामुळे दुसरी डिस्क जोडली की कालचा डी आज ई व्हायचा आणि ऑफिसात आरडाओरडा व्हायचा. विंडोज २००० पासून माउंट मॅनेजर नावाची व्यवस्था आली. ती अक्षरांची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘माउंटेड डिव्हायसेस’ या कप्प्यात ठेवते. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कसाठी ही नोंद फक्त १२ बाइटची असते: डिस्कची ४ बाइटची सही आणि तो भाग डिस्कवर कुठून सुरू होतो हे सांगणारे ८ बाइट. नव्या जीपीटी पद्धतीत प्रत्येक भागाला स्वतःचा १२८ बिटचा ओळखक्रमांक असतो, नोंद त्याची होते. अक्षर डिस्कवर कुठेही लिहिलेलं नसतं, ते त्या विंडोजच्या स्मरणात असतं. हीच डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा, तिथे तिला वेगळं अक्षर मिळेल. विंडोज नव्याने टाका, आधीची वही गेली. नवी विंडोज डीव्हीडीच्या खणाला डी देईल आणि तुमचा कामाचा डी एफ होऊन बसेल.

एफ झाला तर बिघडलं काय, असं घरच्या माणसाला वाटेल. डीटीपीवाल्याला विचारा. पेजमेकरच्या किंवा कोरलड्रॉच्या फाइलीत चित्र आत भरलेलं नसेल, नुसतं जोडलेलं असेल, तर फाइलीला आठवतो तो चित्राचा पूर्ण पत्ता, अक्षरापासूनचा. अक्षर बदललं की दिवाळी अंकाची अख्खी मांडणी उघडते आणि चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. टॅलीचंही तेच. डेटाचा मार्ग डीवर नोंदवलेला असेल आणि डी आता भलताच असेल, तर कंपन्यांची यादी कोरी दिसते आणि हिशेबनीस घाबरतो. फोटो स्टुडिओत लाइटरूम असेल तर फोल्डरांवर प्रश्नचिन्हं उमटतात. माहितीचा एक बाइटही गेलेला नसतो.

इलाज अर्ध्या मिनिटाचा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या पट्टीवर उजवी क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, आणि हवं ते अक्षर. जुनं अक्षर दुसऱ्या कुणी बळकावलं असेल तर आधी त्याला हलवायचं, मग आपल्याला घ्यायचं. हाताने दिलेलं अक्षर विंडोज लक्षात ठेवते. कायमच्या डिस्कला मी वर्णमालेतलं दूरचं अक्षर देतो, एम किंवा एस, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पेन ड्राइव्हांशी तिची गाठ पडत नाही. झेडच्या बाजूची अक्षरं टाळलेली बरी, कारण नेटवर्कवरचा फोल्डर जोडताना विंडोज स्वतः झेडपासून उलटं सुचवत येते. जुन्या विंडोजमध्ये तर सर्व्हरच्या फोल्डरला दिलेलं अक्षर आणि नव्या पेन ड्राइव्हला मिळालेलं अक्षर एकच निघालं की पेन ड्राइव्ह लागूनही दिसत नसे. कार्ड रीडरचीही गंमत आहे. त्याचे चार रिकामे खण चार अक्षरं अडवून बसतात, आणि विंडोज ७ पासून रिकामे खण दाखवत नाहीत, त्यामुळे अक्षरं कुणी खाल्ली ते कळत नाही.

काही भागांना अक्षर नसतं ते मुद्दामच. संगणक सुरू करण्यासाठीचा ईएफआय भाग, रिकव्हरीचा भाग यांना अक्षर द्यायला जाऊ नका. उलटं मात्र घडलेलं आहे: विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या मोठ्या अपडेटनंतर कितीतरी संगणकांवर रिकव्हरीच्या भागाला अचानक अक्षर मिळालं, आणि ‘डिस्क भरत आली’ असा इशारा दर थोड्या वेळाने झळकू लागला. भाग लहान आणि जन्मतःच भरलेला, इशारा येणारच. त्याचं अक्षर काढून टाकलं की शांतता.

अक्षर दिलं आणि पुन्हा सुरू केल्यावर परत गेलं, असं होत असेल तर एखाद्या पार्टिशनच्या सॉफ्टवेअरने त्या भागावर ‘लपवा’ किंवा ‘आपोआप अक्षर देऊ नका’ अशी खूण करून ठेवलेली असते. डिस्कपार्ट या काळ्या खिडकीतल्या साधनाने ती काढता येते. पण डिस्कपार्ट ‘खात्री आहे का’ असं विचारत नाही. भलती डिस्क निवडून ‘क्लीन’ लिहिलं की भागांचा तक्ता क्षणात पुसला जातो. ज्याला त्या खिडकीची सवय नाही त्याने जाणकाराला बसवावं.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ‘ऑफलाइन’ दिसत असेल तर तिथला बारीक मजकूर वाचावा. बहुतेकदा तो सहीच्या टकरीबद्दल असतो. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर काढली की सहीसुद्धा नकलेत येते. दोन्ही एकाच वेळी जोडल्या तर विंडोजला एका सहीच्या दोन डिस्क दिसतात आणि ती एकीला बाजूला बसवते. इथे घाईने ‘ऑनलाइन’ दाबलं तर विंडोज त्या डिस्कवर नवी सही लिहिते. तीच नक्कल पुढे विंडोज चालवायला वापरायची असेल तर ती सुरूच होणार नाही अशी वेळ येते. नक्कल काढून झाली की संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी आणि मगच नवीवरून सुरू करावं.

आता अवघड भाग. काम चालू असताना डिस्क गायब होते, रीस्टार्ट केल्यावर परत येते, दोन दिवस नीट चालते, पुन्हा जाते. असल्या रुग्णाला दुकानात नेलं की तो तिथे ठणठणीत. हार्डवेअरवाला केबल हलवतो, ‘झालं’ म्हणतो, पैसे घेतो. केबल हलवल्याने खरंच काही दिवस बरं वाटतं, म्हणून दोष त्याचाही नाही. पण हा आजार अंदाजाने बरा करायची गरज नसते, कारण डिस्क आणि विंडोज दोघंही त्याची नोंद ठेवत असतात. आपण ती वाचत नाही एवढंच.

विंडोजची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असते, त्यातल्या ‘सिस्टिम’ विभागात. लाल-पिवळ्या खुणांची ती रांग बघून दडपायला होतं, पण आपल्याला मोजकेच क्रमांक हवेत. १५३ म्हणजे डिस्ककडे मागितलेली गोष्ट वेळेत आली नाही, पुन्हा मागावी लागली. १२९ म्हणजे डिस्क गप्प बसली म्हणून तिला जागं करायला रीसेट पाठवला. १५७ म्हणजे डिस्क न सांगता निघून गेली. विंडोजच्या भाषेत ‘सरप्राइज रिमूव्हल’. ७ म्हणजे वाचता न येणारा खराब ब्लॉक. ११ म्हणजे कंट्रोलरच्या पातळीवरची चूक. ५५ एनटीएफएसच्या नावाने येतो आणि सांगतो की फाइलींची मांडणी बिघडली आहे. १५३, १२९ आणि मग १५७ अशी माळ दिसली तर डिस्क तुटते आहे यात शंका उरत नाही. नुसते ७ दिसत असतील तर वायर बदलत बसण्यात अर्थ नाही, डिस्कचा पृष्ठभाग जातो आहे.

क्रमांकांपेक्षा मला वेळेचा रकाना जास्त बोलका वाटतो. मोठी कॉपी चालू असतानाच दर वेळी तुटते का? मग वायर किंवा वीज. संगणक नुसता पडून असताना, जेवून आल्यावर गेलेली दिसते का? मग वीजबचतीची सेटिंग. विंडोजच्या बॅलन्स्ड योजनेत प्लगवर असताना २० मिनिटं डिस्कला काम नसेल तर ती झोपवली जाते. काही डिस्क झोपेतून उठायला वेळ लावतात, आणि तेवढ्यात विंडोजचा धीर सुटतो. पॉवर ऑप्शन्समधल्या ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ला शून्य लिहिलं की हा विषय मिटतो. तुटण्याची वेळ आणि गच्चीवरच्या पाण्याची मोटर चालू व्हायची वेळ एक आहे का, हेही बघावं. हसण्यावारी नेऊ नका. भारनियमन आणि वरखाली होणारा दाब यांत वर्षं काढलेला स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, थकलेला असतो आणि दाब जरा पडला की १२ व्होल्टची लाइन सांभाळू शकत नाही.

दुसरी नोंद डिस्कच्या पोटात असते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने ती वाचता येते. वरचा निळा ‘गुड’ बघून खिडकी बंद करायची नाही, खालचा तक्ता वाचायचा. त्यात शेवटच्या रकान्यातले कच्चे आकडे सुरुवातीला सोळाच्या पायावर दिसतात; ‘फंक्शन’च्या मेन्यूत जाऊन ते दहाच्या पायावर आणले की माणसाला वाचता येतात.

तक्त्यातल्या चार-पाच ओळी निदानाला पुरतात. ०५ या क्रमांकाची ओळ सांगते की किती खराब सेक्टर डिस्कने बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर घेतले. सी५ सांगते की किती सेक्टर संशयित आहेत, सी६ सांगते की किती हाताबाहेर गेले. हे तीन आकडे शून्य असणं उत्तम, वाढते असणं वाईट. सी७ ही ओळ या गोष्टीतली खरी साक्षीदार आहे. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात जाणारा प्रत्येक गठ्ठा एका पडताळणीच्या आकड्यासह जातो, पलीकडे तो आकडा जुळला नाही की सी७ एकाने वाढते. डिस्कवरची माहिती ठीक, मदरबोर्डही ठीक, पण वाटेत काहीतरी बिघडलं असा त्याचा अर्थ. आणि वाट म्हणजे मुख्यतः केबल. शून्य-सी हीसुद्धा बघायची ओळ आहे, पण तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. डिस्कची वीज किती वेळा जाऊन परत आली ते ती मोजते. आता विचार करा: संगणक सकाळपासून एकदाही बंद केलेला नाही, आणि तरी शून्य-सीचा आकडा सकाळपेक्षा तीनने वाढलेला आहे. याचा अर्थ डिस्कची वीज मधल्या मधे तीनदा तुटली. सुटलेला वीजजोड, सैल स्प्लिटर किंवा दमलेला एसएमपीएस.

तेव्हा तक्त्याचा फोटो सकाळी मोबाइलवर काढून ठेवावा, डिस्क तुटून परत आली की पुन्हा काढावा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघावेत. सी७ वाढली तर डेटा केबल, शून्य-सी वाढली तर वीज, ०५ आणि सी५ वाढल्या तर डिस्क स्वतः. काहीच वाढलं नाही तर वीजबचत, पोर्ट किंवा ड्रायव्हर. ओळखीच्या एका डीटीपीच्या दुकानात असंच झालं. तीन हजारांवर गेलेली सी७ बघून मालक नवी डिस्क आणायला निघाले होते. ०५ आणि सी५ दोन्ही शून्य होत्या. पन्नास-साठ रुपयांची केबल बदलली आणि दुसऱ्या दिवशी आकडा तोच होता. मालकांना वाटलं काही फरक पडला नाही, कारण आकडा खाली आला नव्हता. तो कधीच खाली येत नाही. जुन्या केबलची पापं डिस्क जन्मभर मिरवते. बघायचं ते वाढ थांबली का.

साटा जातीची केबल २००३ च्या सुमाराला रुळू लागली, त्याआधीच्या रुंद पट्टीच्या केबलीची जागा तिने घेतली. ती दिसायला नाजूक आहे आणि स्वभावानेही. डेटाच्या बाजूला सात संपर्कपट्ट्या, विजेच्या बाजूला पंधरा. कॅबिनेटमधल्या केबलची लांबी एक मीटरच्या आत हवी. या जोडांची रचना साधारण पन्नास वेळा लावण्या-काढण्यासाठी केलेली असते. ‘केबल हलवून बघ’ हा उपाय म्हणजे त्याच पन्नासातली उचल. सुरुवातीच्या केबलींना धातूचा खटका नव्हता, त्या नुसत्या घर्षणावर बसत. आजही अशा केबली खपतात. बदलायचीच तर खटकावाली घ्यावी आणि कॅबिनेटचं झाकण लावताना ती दबून वाकत नाही ना ते बघावं. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातल्या दमट हवेने संपर्कपट्ट्यांवर मळकट थर चढतो. जाडी वाढली की संपर्क जातो-येतो, आणि मग मे महिन्यात धड असलेली डिस्क जुलैत रुसते.

विजेच्या जोडात पिवळ्या वायरीत १२ व्होल्ट असतात, त्यावर डिस्कची मोटर फिरते. लाल वायरीत ५ व्होल्ट, त्यावर तिचं इलेक्ट्रॉनिक्स चालतं. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला थांबलेली चकती फिरवायला सुरुवातीला दीड-दोन अँपिअर लागतात, फिरायला लागल्यावर त्याच्या पाव भागात भागतं. म्हणून थकलेला एसएमपीएस सुरुवातीलाच किंवा झोपेतून उठवतानाच मान टाकतो. १२ व्होल्टमध्ये पाच टक्के वरखाली चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. मल्टिमीटर लावून मोजलं तर खरं कळतं, सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर मी विसंबत नाही. एका वायरीतून दोन-तीन डिस्क चालवायला जे स्वस्त स्प्लिटर मिळतात, त्यातही चार टोकांच्या जुन्या जोडावरून साटाची वीज काढणारे साच्यात ओतलेले प्लास्टिकचे, ते टाळाच. आतल्या वायरी एकमेकींना टेकून ते जळाल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत.

वीज गेल्याचं कानालाही कळतं. चालू डिस्कची एकसुरी घरघर उतरत जाते, ‘टक’ असा आवाज होतो आणि पुन्हा चढत्या सुरात घरघर सुरू होते. डेटा केबल सुटली तर चकती फिरतच राहते, आवाजात काही फरक नाही. आणि घड्याळासारखी नियमित टकटक ऐकू आली तर वरचं सगळं बाजूला ठेवून संगणक ताबडतोब बंद करावा. वाचणारी टोकं चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतात. त्यांना जागा सापडत नाही तेव्हा ती टकटक होते. दर टकटकीगणिक चकतीवर ओरखडा पडायची भीती असते. अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, यापलीकडे त्यातून काही निघत नाही. घरात झाकण उघडण्याचा विचारही नको.

काही गायब होण्यांमागे आजार नसतोच. नव्या मदरबोर्डवर एम.२ च्या खाचेत एसएसडी बसवली की एखाद-दुसरं साटा पोर्ट बंद पडतं, कारण दोघांची वाट एकच असते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं. जुन्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातो, तारीख मागे पळते आणि साटाची पद्धत बदलून विंडोज निळी पडते. बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेली डिस्क पीसीत बसवली आणि ती फिरतच नाही, हाही अनुभव येतो. साटाच्या नव्या आवृत्तीत विजेच्या जोडातली तिसरी पट्टी डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरली जाते आणि जुने एसएमपीएस त्याच पट्टीवर ३.३ व्होल्ट देत राहतात. डिस्कला वाटतं, आपल्याला बंद राहायला सांगितलंय.

आता उरलेला आजार: अक्षर दिसतं, पण त्यावर क्लिक केलं की ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशी चौकट येते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिथे ‘रॉ’ लिहिलेलं असतं. बऱ्याचदा हा दुसऱ्याच आजाराचा परिणाम असतो. काहीतरी लिहिलं जात असताना डिस्क तुटली, फाइलींची यादी अर्धवट राहिली. या चौकटीत ‘कॅन्सल’ दाबायचं. ‘डिस्क इनिशियलाइझ करा’ अशी चौकट आली तरी तेच. माहिती अजून जागेवर असते, तिचा तक्ता तेवढा फाटलेला असतो, आणि या दोन बटणांनी त्याच जागी नवा कोरा तक्ता लिहिला जातो.

इथे चेकडिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं साधन चालवावं की नाही, यावर माझं मत ठाम आहे: केबल आणि वीज यांचा बंदोबस्त होईपर्यंत अजिबात नाही. चेकडिस्क यादी दुरुस्त करताना डिस्कवर लिहितं. दुरुस्ती चालू असताना डिस्क पुन्हा तुटली तर अर्ध्या दुरुस्तीचा नवा गोंधळ. खराब सेक्टर शोधायला सांगितलं तर ते सगळा पृष्ठभाग वाचतं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला नेमके तेच तास झेपत नाहीत. ज्या फाइलींचा मालक सापडत नाही त्या ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात निनावी तुकड्यांच्या रूपाने टाकून ते मोकळं होतं. लग्नाचे फोटो त्यातून वेचायला बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

सी५ वाढत असेल तर आधी नक्कल. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून ते वापरता येतं. त्याची खुबी अशी की ते अडलेल्या सेक्टरवर डोकं आपटत बसत नाही. सहज वाचता येतं ते आधी उचलतं, कुठे अडलं त्याची नोंद एका फाइलीत ठेवतं आणि त्या जागांकडे नंतर परत येतं. मधे डिस्क तुटली, संगणक बंद पडला, तरी त्या नोंदीवरून काम पुढे चालू होतं. नक्कल तेवढ्याच किंवा मोठ्या निरोगी डिस्कवर घ्यायची आणि मग चेकडिस्क असो की फाइली वाचवणारा प्रोग्रॅम, सगळे प्रयोग त्या नकलेवर करायचे. टकटक करणाऱ्या किंवा बायोसमध्येच न दिसणाऱ्या डिस्कला हेही लागू नाही. माहिती मोलाची असेल तर ती डेटा रिकव्हरीच्या जागीच न्यावी लागते, आणि तो खर्च डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट असतो.

नवी डिस्क बसवल्यावर एक शेवटचं काम उरतं. नकलेऐवजी फाइली कॉपी करून आणल्या असतील तर विंडोज नव्या डिस्कला पुढचं मोकळं अक्षर देईल. टॅली उघडायच्या आधी, कोरलमध्ये शिरायच्या आधी, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुन्या डिस्कचं अक्षर नवीला द्यावं. जुनी अजून जोडलेली असेल तर आधी तिचं अक्षर काढावं. फोल्डरांची नावं आणि त्यांची उतरंड जशीच्या तशी ठेवली असेल तर प्रोग्रॅमांना बदल कळतही नाही. जुन्या डिस्कवर मार्करने तारीख आणि कारण लिहून ठेवावं. नाही तर वर्षभराने कपाट आवरताना कुणीतरी ती चांगली समजून पुन्हा पीसीत बसवतं.